बेगमीबहाद्दर

ठाकुर्लीत घरबसल्या शिकणारा विद्यार्थी आळशी असतो, असं त्याच्या घरचे म्हणतात. हे साफ खोटं आहे. त्याच्याइतके कष्ट त्या वन बीएचकेत दुसरं कोणी उपसत नाही. सव्वानऊच्या लेक्चरला चिरंजीव नऊ चौदाला अंथरुणातूनच दाखल होतात. कॅमेरा बंद, माइक बंद, पांघरूण चालू. हजेरीपुरता माइक उघडून 'प्रेझेंट सर' म्हणायचं, तेवढ्यात घरचा मिक्सर आणि स्टेशनावरची कल्याण लोकलची घोषणा साऱ्या वर्गाला ऐकवायची, आणि मग कामाला लागायचं. काम म्हणजे साठा करणं. सरांनी स्लाइड बदलली की स्क्रीनशॉट, पीडीएफ पडली की डाउनलोड, ग्रुपवर कुणाच्या तरी ताईच्या नोट्स आल्या की त्या सहा जणांना फॉरवर्ड. ड्राइव्हवर 'सेम ५' नावाचं फोल्डर, त्यात 'फायनल', त्यात 'फायनल नवीन' आणि त्याच्याही पोटात 'हेच बघ'. पूर्वी उन्हाळ्यात घरोघरी पापड-कुरडयांची बेगमी व्हायची, तशी ही विद्येची बेगमी बारा महिने चालते. फरक इतकाच, की कुरडया पावसाळ्यात तळल्या तरी जायच्या.

घरी अभ्यास का होत नाही, याचं सर्वमान्य उत्तर 'लक्ष लागत नाही' हे आहे. मला ते पटत नाही. लक्ष उडाल्याची निदान रुखरुख तरी लागते. इथे रुखरुखच नाही, कारण वस्तू हाती आल्याचं समाधान आधीच मिळालेलं असतं. 'रेकॉर्डिंग आहे' एवढं म्हटलं की तो धडा मनातल्या वहीत 'झाला' या रकान्यात जाऊन बसतो. हा दोष ठाकुर्लीच्या पाण्याचा नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स या ऑनलाइन मंचावर २०१२ ते २०१८ या काळात चालवलेल्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळींनी अभ्यासक्रमाच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं. म्हणजे चिरंजीवांचे भाऊबंद थेट बॉस्टनलगतच्या वर्गांत भरलेले आहेत. त्याआधी, २००६ साली, रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हापुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर आठवेल तसे कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. गंमत अशी की आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. वाचून ही गत, मग नुसत्या साठवणाऱ्याची खात्री किती असेल? टेस्टच्या आदल्या संध्याकाळी त्याला विचारावं. तो म्हणतो, "झालंय सगळं, फक्त बघायचं राहिलंय."

यावर चिरंजीवांच्या वतीने पहिली हरकत येते ती जागेची. हॉलमध्ये आजोबांच्या बातम्या, आत ताईचं वर्क फ्रॉम होम, दारावर कुरिअरवाला, आणि दर दहा मिनिटांनी "एवढी मेथी निवडून दे रे, नुसता बसलायस तर." हे सगळं खरं आहे. २०२०च्या जूनमध्ये शाळा पडद्यावर सुरू झाल्या तेव्हा एका फोनवर दोन भावंडांनी कसंबसं वर्ष काढलं, त्यांना कुणी हसू नये. पण गोंगाटाने अभ्यास बुडतो म्हणावं, तर जलद गाड्या ज्या स्टेशनाला न थांबता जातात, तिथली मुलं धीम्या लोकलच्या गर्दीत, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात पुस्तक उघडून परीक्षेला गेलेली आहेत. डब्यात काही शांतता नव्हती. फक्त हाती एकच पुस्तक होतं आणि दादर यायच्या आत ते संपवायचं होतं. 'लाइट गेली होती' या सबबीबद्दल न बोललेलं बरं. ज्या गावच्या चोळा पॉवर हाऊसच्या विजेवर एके काळी मध्य रेल्वेच्या गाड्या धावल्या, तिथल्या मुलाने ती द्यावी आणि मागच्या खिडकीतून त्याच वेळी लोकल खडखडत जावी, हा योग मात्र माइक उघडा असला की हमखास जुळतो.

दुसरी हरकत वजनदार आहे. रेकॉर्डिंग ही काही वाईट गोष्ट नाही; न कळलेलं मागे नेऊन ऐकता येतं, वर्गात सरांना मागे नेता येत नाही. कबूल. एवढंच काय, दुप्पट वेगाने ऐकायच्या त्याच्या सवयीवर घरचे उगाच तोंडसुख घेतात. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२१ साली तपासून पाहिलं, तेव्हा दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. पण वेग कितीही वाढवला तरी आधी प्लेचं बटण दाबावं लागतं! आणि साठाच असा, की सहा विषयांची प्रत्येकी तीस तासाभराची लेक्चरं धरली तरी दुप्पट वेगाने नव्वद तास होतात, आणि हे गणित त्याला सुचतं परीक्षेच्या आदल्या रात्री, साडेदहाला, जेवणानंतर. केंद्र सरकारच्या जुलै २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नववी ते बारावीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची चारच सत्रं सांगितली होती. म्हणजे फार तर तीन तास. उरलेल्या दिवसात मुलगा स्वतः काही लिहील, सोडवेल, आठवून पाहील, हे त्यात गृहीत असावं. ऑनलाइन लेक्चरच्या मध्येमध्ये छोट्या चाचण्या पेरल्या तर मन कमी भरकटतं, असं २०१३च्या एका प्रयोगातही दिसलं. आमच्याकडे चाचणीची लिंक आली, की दुसऱ्या मिनिटाला ग्रुपवर 'तिसऱ्याचं बी की सी?' येतं आणि चौथ्या मिनिटाला उत्तरांचा स्क्रीनशॉट. तोही अर्थात फोल्डरमध्ये जातो.

आता घरच्यांचं. तोंडाने आळशी म्हटलं तरी चिरंजीवांचा हा सगळा कारभार त्यांच्या मापात अगदी फिट्ट बसतो, कारण त्यांचं मापही बैठकीचंच आहे. 'सकाळपासून बसलाय' हे आईचं प्रशस्तिपत्र. बाबा सीएसएमटीहून लोकलने लोंबकळत येतात, बूट काढता काढता लॅपटॉपचा उजेड चेहऱ्यावर पडलेला बघतात आणि समाधानाने चहा मागतात. लॅपटॉप मिटायला लावून "आज काय शिकवलं ते दहा मिनिटं सांग" असं म्हणायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. रोडिगर-कार्पिकेंच्या प्रयोगात पुढे गेलेले विद्यार्थी वेगळं काय करत होते? पुस्तक मिटून आठवत होते, इतकंच. याला ना वायफाय लागत, ना वेगळी खोली. पण समजा एखाद्या बाबांनी विचारलंच, तर उत्तर तयार असतं: "सांगतो काय, रेकॉर्डिंगच पाठवतो ना तुम्हाला."

आणि तो खरंच पाठवतो. सेमिस्टर कसंबसं सुटतं, एखादा विषय राहतो, पण फोल्डर शाबूत असतं. मग कधीतरी डोंबिवलीचा धाकटा मावसभाऊ त्याच वर्षाला येतो, दादा म्हणून सल्ला विचारतो. चिरंजीव फार बोलत नाहीत. लिंक पाठवतात आणि खाली लिहितात, 'सगळं आहे यात, दुसरीकडे बघूच नकोस.' भाऊ लगेच हात जोडल्याची खूण पाठवतो आणि लिंक सेव्ह करून ठेवतो.