वाकायचं कुणी?

भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याच्या गाडीच्या किल्लीला बोटभर लांबीचं एक चपटं हत्यार लटकत होतं. ओट्यावर ते हातोहात फिरलं. शेजारच्या वायरमनला वाटलं, तार सोलायचं असेल. वायरमनच्या आईला ते कानकोरणं वाटलं. मी म्हटलं, बैलाच्या खुरात अडकलेला खडा काढायचा आकडा. तिघंही चुकलो.

"मामा, गोल्फचं आहे ते."

आमच्या कोपरगावात गोल्फचं मैदान नाही. आम्हाला ‘गोल्फ क्लब’ ठाऊक आहे तो नाशिकचा. त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजीचे सामने होतात, सकाळी माणसं चालायला येतात; पण रिक्षावाल्याला आजही ‘गोल्फ क्लब’ म्हटल्याशिवाय जागा कळत नाही. कान्हेरेंनी १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली आणि पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. त्यांचं नाव पाटीवर आणि साहेबाच्या खेळाचं नाव तोंडात, हे मला दर खेपेला टोचतं. नाशिककरांनी जिभेला तेवढं वळण लावावं.

तर ते हत्यार. उलगडून पाहिलं. चाकूचं छोटं पातं. बाटलीचं झाकण काढायची खाच. स्टिकच्या पात्यावरच्या चिरांत बसलेली माती झाडायचा ब्रश. बुटाच्या तळाचे खिळे आवळायचा पाना. लोहचुंबकाला चिकटलेली रुपयाएवढी चकती. चेंडूच्या मागं ती ठेवायची, म्हणजे चेंडू उचलून पुसता येतो आणि जागा हरवत नाही. आणि दोन दातांचा एक काटा. स्विस चाकूवाल्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीनंही असं गोल्फचं हत्यार काढलेलं आहे. पातं आणि खाच कुठल्याही चाकूच्या जुडग्यात सापडतील. काटा या खेळाचा.

गोल्फचा चेंडू लिंबाएवढा. वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण भोकाभोवतीची हिरवळ, ज्याला ते ग्रीन म्हणतात, ती गालिच्यासारखी कापलेली आणि मऊ असते. उंचावरून आलेला चेंडू तिथं आदळला की वाटीसारखा खळगा पडतो. भोक अवघं १०८ मिलिमीटरचं. मागच्या खेळाडूनं नेम धरून चेंडू त्या भोकाकडे सरपटत सोडला आणि वाटेत तुमचा खळगा आला, तर त्याची मेहनत तुमच्या चेंडूनं वाया घालवली. म्हणून ज्याचा खळगा, त्यानं पुढं सरकण्याआधी वाकून तो बुजवायचा.

बुजवण्याचीही रीत आहे. काटा खळग्याच्या मध्ये खुपसून माती वर उचकटायची नाही. तसं केलं की मुळं तुटतात, खालची माती वर येते आणि तेवढं गवत पिवळं पडून मरतं. काटा कडेला रोवायचा आणि चहूबाजूंनी जिवंत गवत मध्याकडे ढकलायचं. मग स्टिकच्या तळानं हलकेच थोपटायचं. पाच-दहा सेकंदांचं काम. वेळेवर केलं तर खूण लवकर भरून येते; सोडून दिलं तर तो डाग कितीतरी दिवस राहतो आणि त्यावरून जाणारा प्रत्येक चेंडू वाकडा होतो.

पूर्वी नियमानं खेळाडूला चेंडूचा खळगा बुजवता यायचा, पण बुटाच्या खिळ्यांनी उचकटलेलं गवत खेळाआधी नीट करता यायचं नाही. तो स्वतःचीच वाट साफ करून घेईल, ही भीती. १ जानेवारी २०१९ पासून नियम बदलला. ग्रीनवरचं जवळजवळ कुठलंही नुकसान, ते कुणीही केलेलं असो, आता दुरुस्त करता येतं. मला हा बदल फार आवडला. दुरुस्तीला परवानगी मागावी लागू नये.

त्या हत्याराच्या सहा भागांपैकी चार निव्वळ मालकाच्या सोयीचे आहेत. चकती थोडी स्वतःसाठी, थोडी आपला चेंडू दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून. काटा मात्र मागून येणाऱ्या माणसासाठी. तो माणूस ओळखीचा नसतो. त्याला कधी कळतही नाही की इथं खळगा होता.

आमच्या आजोबांच्या पिढीकडेही खिशातलं असं हत्यार होतं. चंची. दोरीनं गुंडाळलेली, कप्प्याकप्प्यांची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि दोरीच्या टोकाला दातकोरणं-कानकोरणं. तिचे संस्कार चांगले होते. चंची उघडली की पहिलं पान शेजारी बसलेल्याला. पण पान खाल्ल्यावर भिंतीवर जी खूण उमटते, तिच्यासाठी चंचीत कप्पा नव्हता. आज चंची गेली, पुडी आली आणि खुणा वाढल्या. बसस्थानकाचा कोपरा, दवाखान्याचा जिना, शाळेची भिंत. पुसणारी बाई वेगळी आणि थुंकणारा बाप्या वेगळा.

भाच्याला विचारलं, "काटा वापरतोस का रे?"

"ते कॅडी करतो ना, मामा."

मी गप्प बसलो, पण मनाला बरं वाटलं नाही. हत्यार याच्या खिशात. खळगा याच्या चेंडूचा. वाकायचं कुणी, तर पाठीवर याची पिशवी वाहणाऱ्या माणसानं. ज्या खेळात शिष्टाचार म्हणून खेळाडूनं स्वतः वाकायचं, तो खेळ आपल्याकडे आला आणि वाकायचं काम तेवढं पगारी माणसाकडे गेलं. खेळ आपण जुना घेतला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा; ब्रिटिश बेटांबाहेर त्याहून जुना क्लब नाही. जवळजवळ दोनशे वर्षं. तेवढ्या काळात वाकायला शिकता आलं असतं.

त्याच क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्या एका माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया. बापाचं काम पाहत त्या गवतावर वाढला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंडियन ओपन जिंकली. गवत ज्याला कळतं त्याला खेळ कळतो, असं मी भाच्याला सांगितलं. त्यानं फोनवर चौरसियाचा व्हिडिओ शोधला. तेवढं बरं वाटलं.

आता गवताकडे वळतो, कारण माझा जीव तिथं आहे.

गोल्फवाले ज्याला बर्मुडा ग्रास म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आपल्याकडे त्याचं नाव हराळी. होय, तीच. कोपरगावच्या काळ्या रानात कुंदा, लव्हाळा आणि हराळी ही तीन नावं घेतली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. नांगरटीनंतर बायामाणसं दिवस दिवस हराळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, वेचतात. एक काशी राहिली तरी पुढच्या पावसात बांधापासून सरीपर्यंत जाळं. ज्या गवतासाठी आमच्या आज्या-आयांच्या हातात खुरपं होतं, त्याच गवतासाठी साहेबाच्या खिशात काटा आहे. आणि हीच हराळी देवघरात गेली की दूर्वा होते. तीन पात्यांची जुडी, एकवीस मोजून गणपतीला.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथं ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं हयातभर गवतांवर काम केलं. हराळी आणि आफ्रिकेतली एक बारीक जात यांच्या संकरातून त्यानं मैदानासाठी वाण काढले: टिफग्रीन, टिफवे. टिफग्रीनपासूनच पुढे बुटकं टिफड्वार्फ निघालं. या संकरित गवताला उगवणारं बी येत नाही. उसासारखं त्याचं बेणं लावावं लागतं. उष्ण मुलखातल्या कितीतरी गोल्फ मैदानांवर हीच हराळीची अमेरिकन नातवंडं पसरली आहेत.

आणि हाच बर्टन आपल्या भाकरीतही आहे. त्यानं बाजरीची टिफ्ट २३ ए ही नरवंध्य, म्हणजे स्वतःचे पराग फळत नसलेली, मादी जात तयार केली. ती भारतात आली, लुधियानात तिच्यावरून एचबी-१ हा देशातला बाजरीचा पहिला संकरित वाण निघाला आणि १९६५ साली तो शेतकऱ्यांना मिळाला. आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, जिल्हा बाजरीचा. संकरित बाजरी म्हणजे काय हे आमच्या वडिलांनी पाहिलं: कणसं टपोरी, पोती वाढलेली. पुढे सत्तरच्या दशकात या संकरित वाणांवर गोसावी रोग पडला, कणसाच्या जागी पानांचा झुपका दिसू लागला आणि शास्त्रज्ञांना नव्यानं कामाला लागावं लागलं. तेही वाकणंच. आपल्या कामातून उरलेला खळगा आपणच बुजवायचा. बाजरीवाल्यांनी तो बुजवला, नवे रोगप्रतिकारक वाण आले.

म्हणून साहेबाचा खेळ म्हणून मी या काट्याला झटकून टाकत नाही. तो माझ्या गवताचा आहे.

आणि म्हणूनच आता माझं गाऱ्हाणं गावाकडे.

आपल्या गावातल्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात. दोन षटकांच्या मध्ये फलंदाज पुढं येऊन बॅटनं खेळपट्टी थोपटतो, खडा बाजूला करतो. कुणी शिकवलं नाही. टीव्हीवर पाहून आलं. म्हणजे वाकायची लाज पोरांना नाही. पण लग्नाचा, सभेचा, उत्सवाचा मांडव पडतो. पहारीनं दीड-दीड फुटाचे खड्डे पाडतात, वासे रोवतात, पडदे लागतात, भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी वासे उपसून टेम्पो निघून जातो. खड्डे राहतात. ओळीनं चाळीस-पन्नास. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. तो खड्डा आपणहून कधी नीट भरत नाही, वरून तेवढा झाकला जातो. मग एखाद्या संध्याकाळी उंच झेल घ्यायला उलटं पळणाऱ्या पोराचा घोटा त्यात मुरगळतो. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या पोराचा मुरगळला. तीन आठवडे पाय पट्टीत. मांडव कुणाचा होता हे मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण उद्या दुसऱ्याचा असेल, परवा माझ्या घरचा.

ज्या गणपतीला हराळीची जुडी वाहायची, त्याच्याच मांडवासाठी हराळी उकरून खड्डा तसाच टाकायचा? मी श्रद्धेनं विचारतो आहे. मी स्वतः मंडळात आहे.

मुंबई महापालिका मंडपासाठी रस्त्यात पाडलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे मंडळांकडून दंड घेते. २०२५ मध्ये तो २,००० वरून १५,००० रुपये केला. मंडळं भडकली, पुन्हा २,००० वर आला. पैशाचा आकडा कितीही असो, दंड खड्डा बुजवत नाही. दंड भरला की वाकायचं काम पुन्हा दुसऱ्याचं. कॅडीचं.

मला साधी गोष्ट हवी आहे. मांडवाच्या टेम्पोत पहार येते ना? तिच्याबरोबर दोन पोती मुरूम आणि एक धुम्मस यावी. वासा उपसला की त्याच माणसानं, त्याच वेळी, खड्ड्यात मुरूम टाकून पाणी शिंपडून थरावर थर ठोकावा. परवानगीच्या अर्जात ही अट लिहावी आणि अनामत खड्डे मोजून परत द्यावी. यजमानानं शेवटचा खड्डा बुजेपर्यंत तिथं उभं राहावं. वरबापानंसुद्धा. मानपान सगळं झाल्यावर पंधरा मिनिटं.

रविवारी सकाळी भाच्याला घेऊन मैदानावर गेलो. त्यानं हौसेनं तो काटा काढला आणि मांडवाच्या खड्ड्याच्या कडेला रोवून पाहिला. काळ्या मातीत काट्याचे दात वाकायला लागले. मग घरून पहार, घमेलं आणली; वायरमननं बांधकामाचा उरलेला मुरूम दिला. भाचा पांढऱ्या बुटांत खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसला. मी ठोकत होतो, तो मुरूम लोटत होता. खेळायला आलेली पोरं आधी बघत उभी राहिली, मग दोघं पाणी आणायला पळाली.

अकरा खड्डे झाले. बाराव्याला मुरूम संपला. उरलेल्या खड्ड्यांवर पोरांनी विटा ठेवल्या, कुणाचा पाय जाऊ नये म्हणून. भाचा बुधवारी पुण्याला जाणार आहे. मंगळवारी अजून दोन पोती मिळतात का, ते बघायला मी आता निघतोय.