कार्यक्रम झाल्यावर कळतो

‘बोरीवलीत काही होत नाही हो, चांगलं काही बघायचं तर पार्ल्याला नाहीतर दादरला जावं लागतं.’ हे वाक्य सगळ्यात जास्त बोलतात ते बोरीवलीकरच आणि ते साफ खोटं आहे. सोडावाला लेनमधल्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात नाटकं लागतात, तिथल्याच लघुनाट्यगृहात छोटे कार्यक्रम होतात. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या पोटात शंभरावर लेण्यांचं कान्हेरी आहे. घडतं भरपूर. आपल्याला कळत नाही, आणि कळतं तेव्हा कार्यक्रम होऊन गेलेला असतो.

मग कळतं कुणाचं? ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचं. फाल्गुनी पाठक यांचा दांडिया यंदा कुठे, हे शाळकरी पोरही सांगेल, कारण त्याचे फलक आधीपासून नाक्यानाक्यावर झळकतात. नेत्याचा वाढदिवस तर न विचारता कळतो. पण त्याच नाक्यावर, त्याच आठवड्यातल्या फुकट व्याख्यानाची एक ओळ दिसत नाही. फोन उघडला तरी तीच गत. ‘जवळची हॉटेलं’ असं शोधलं की पुष्कळदा वर येतात ती जाहिरातीचे पैसे मोजलेली. घरातून पुरणपोळ्या करून देणाऱ्या काकू त्या यादीत कधीच नसतात. आयसी कॉलनीत घरचा ईस्ट इंडियन बॉटल मसाला कुणाकडे चांगला मिळतो, हे तुम्हाला चर्चच्या आवारातल्या गप्पांत कळेल, फोनमध्ये नाही.

मराठी माणसाने या कामाची एक फार सुंदर पद्धत घडवली होती. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिराती आठवा. ‘रवि. दु. 4, प्रबोधनकार, बोरीवली’. नाटक, वार, वेळ, जागा, संपलं. दोन बोटांच्या जागेत सगळं. कित्येक घरांत अग्रलेखाआधी ते पान उघडलं जायचं आणि रविवार ठरायचा. आता पुष्कळ घरांत पेपरच येत नाही. प्रशांत दामले यांनी ‘तिकिटालय’ अ‍ॅप काढलं, फार चांगलं केलं. पण ते तिकिटाच्या कार्यक्रमांचं झालं. विनातिकीट कार्यक्रमांना वाली कोण?

त्यांचे आयोजकही कमी दोषी नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एखादी पत्रिका नीट पाहा. वर चार मान्यवरांचे फोटो, मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, सल्लागार, विशेष आभार. आणि स्थळ? तळाशी, मुंगीच्या अक्षरात. ‘येत्या रविवारी सायं. 6 वा.’ असं लिहायचं आणि तारीख घालायची नाही. मग ती पत्रिका पुढे तीन आठवडे फिरत राहते आणि दर रविवारी कुणीतरी ज्येष्ठ गृहस्थ छत्री घेऊन बंद सभागृहाच्या दारात उभे राहतात. हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे. रसिक उरले नाहीत असं व्यासपीठावरून बोलण्याआधी मंडळांनी आपली पत्रिका वाचून पाहावी.

आणि ज्याला तारीखच नाही, जे शेकडो वर्षं जागचं हललेलं नाही, ते तरी आपल्याला ठाऊक आहे का? मेट्रोत बसून पाहा. 2अ मार्गिकेवर एकसर, मंडपेश्वर, तिकडे 7 वर मागाठाणे. या तिन्ही स्थानकांच्या नावामागे आपला जुना इतिहास उभा आहे. एकसरला वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर चक्क वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे आणि अनेक अभ्यासक तिचा संबंध तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. मंडपेश्वरला शैव लेणी आहेत, नटराज आहे आणि डोक्यावर पोर्तुगीज काळातल्या वास्तूचे अवशेष. एकाच खडकावर दोन धर्मांचा इतिहास, असं मुंबईत दुसरीकडे सहज सापडायचं नाही. मागाठाण्याची बौद्ध लेणी तर वस्तीच्या वेढ्यात झिजत चालली आहेत. ही तीन नावं रोज कानावर पडणाऱ्या किती जणांनी यातलं एक तरी ठिकाण पाहिलं असेल? मुलांना सुट्टीत अजिंठ्याला जरूर न्या, पण आधी दहा रुपयांच्या अंतरावरचं दाखवा.

हे सगळं न कळण्यावरचा उपाय महागडा मुळीच नाही. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्यांना आधीच वाटून दिलेल्या असतात, म्हणजे यादी कार्यालयात तयारच असते. राष्ट्रीय उद्यानातल्या निसर्ग भ्रमंतीचंही आधीच ठरलेलं असतं. वाचनालयं, व्याख्यानमाला, भजनी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांकडे आपापला कागद आहे. ते कागद एका जागी येत नाहीत, एवढंच. बोरीवली स्थानकाच्या पुलावरून रोज अख्खं उपनगर चालतं. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, असे दोन फळे तिथे लावा. ‘या आठवड्यात बोरीवलीत’. दर सोमवारी मजकूर बदलायचा, कुणाचाही फोटो नाही, पैसे घेऊन जागा नाही.

महापालिकेच्या आर-मध्य विभागाने आणि रेल्वेने हे मनावर घ्यावं. ते घेतील तेव्हा घेतील. तोवर तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर पाणी कधी येणार नाही एवढंच लिहिलेलं असतं, त्याच्याखाली निम्मी जागा रिकामी आहे. या रविवारचा एक कार्यक्रम तारीख, वेळ आणि पत्त्यासह तिथे लिहा, आणि शेजारच्यांना घेऊन जा.