पेटी उघडण्याचे शास्त्र : होतकरू स्पर्धकांसाठी मार्गदर्शन

दैवाच्या भरवशावर धनप्राप्ती करून देणाऱ्या दूरचित्रवाणी-खेळांमध्ये ‘डील ऑर नो डील’ हा विशेष अभ्यसनीय मानला पाहिजे, कारण त्यात स्पर्धकाला एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही आणि तरीही तो सतत गहन विचारात गढलेला दिसतो. नेदरलँड्समध्ये 2002 च्या अखेरीस या खेळाला आजचे रूप मिळाले. पुढे 2005 मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने हावी मँडेल यांच्या सूत्रसंचालनाखाली तो सुरू केला, आणि त्याच वर्षी सोनी वाहिनीने आर. माधवन यांच्याकडे सूत्रे देऊन ‘डील या नो डील’ या नावाने तो भारतीय दिवाणखान्यांत आणला. प्रस्तुत विवेचन अमेरिकी आवृत्तीपुरते मर्यादित आहे.

मंचावर 26 बंद ब्रीफकेस, म्हणजे पेट्या, असतात आणि त्या धरून 26 तरुणी उभ्या असतात. प्रत्येक पेटीत एक सेंटपासून दहा लाख डॉलरपर्यंतची कोणतीतरी एक रक्कम लिहिलेली असते. (24 क्रमांकाची पेटी काही काळ सांभाळणारी मेगन मार्कल पुढे ब्रिटिश राजघराण्याची सून झाली, त्यामुळे या मंचावरील सर्वांत मोठे भाग्य पेटीच्या आतच असते, असे मानण्याचे कारण नाही.) स्पर्धकाने आरंभी एक पेटी स्वतःसाठी निवडायची असते. ती निवडताना मुलाची जन्मतारीख, लग्नाचा दिवस किंवा स्वप्नात दिसलेला आकडा यांपैकी कोणताही आधार घ्यावा, कारण सर्व आधार सारखेच निरुपयोगी असून दहा लाखांची पेटी हाती लागण्याची शक्यता प्रत्येक वेळी 26 मध्ये एक इतकीच राहते. मात्र निवडीला वेळ लावावा. झटकन आकडा सांगून मोकळा होणारा स्पर्धक या खेळाच्या प्रतिष्ठेला बाध आणतो.

यानंतर उरलेल्या पेट्या फेरीफेरीने उघडल्या जातात : पहिल्या फेरीत सहा, मग पाच, चार, तीन, दोन आणि पुढे एकेक. उघडलेली रक्कम बाद होत असल्यामुळे, एक सेंट निघाल्यावर नातेवाइकांनी मिठ्या माराव्यात आणि साडेसात लाख निघाल्यावर डोके धरावे, असा संकेत आहे. प्रत्येक फेरीअखेर वरच्या अंधाऱ्या खोलीतील ‘बँकर’ दूरध्वनी करून स्पर्धकाची पेटी विकत घेण्यासाठी एक रक्कम देऊ करतो. ती मान्य असल्यास काचेच्या झाकणाखालचे बटण दाबावे, अमान्य असल्यास झाकण आपटून बंद करावे. झाकणाच्या आवाजाला टाळ्या अधिक पडतात, ही बाब निर्णय घेताना विसरू नये.

आता गणिताचा जो अल्पसा भाग आहे तो उरकणे इष्ट. सर्व 26 रकमांची बेरीज 34,18,416 डॉलर आणि एक सेंट होते. तिला 26 ने भागले असता सरासरी सुमारे 1,31,477 डॉलर येते. सरासरी म्हणजे अनेकदा खेळल्यास दर खेळी पदरात पडेल अशी अपेक्षित रक्कम. परंतु स्पर्धकाला एकदाच खेळायचे असते, आणि 26 पैकी 13 पेट्यांत 750 डॉलर किंवा त्याहून कमी असतात. म्हणजे फलकावर लाखांचे आकडे झळकत असले, तरी निम्म्या पेट्यांतून पुण्याच्या तिकिटाचे पैसेही सुटत नाहीत. बँकर सुरुवातीला या सरासरीचा किरकोळ अंशच देऊ करतो आणि पुढे हळूहळू तिच्या जवळ येतो. त्याला कंजूष समजणे अन्यायाचे होईल, कारण पहिल्याच फेरीत वाजवी भाव दिला, तर शहाणा माणूस तो घेऊन घरी जाईल आणि उरलेला तास वाहिनीने कशाने भरायचा, हा प्रश्न उभा राहील.

हा खेळ विद्वानांनीही गंभीरपणे घेतला आहे. नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिका येथील 151 स्पर्धकांच्या निर्णयांवरील एक शोधनिबंध 2008 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांपैकी रिचर्ड थेलर यांना पुढे नोबेल मिळाले. मोठ्या रकमा गमावलेले आणि नशिबाने भलतेच साथ दिलेले, असे दोन्ही प्रकारचे स्पर्धक अधिक धोका पत्करतात, असे त्यात आढळले. पहिल्याला झालेले नुकसान भरून काढायचे असते, तर दुसऱ्याला मिळालेले पैसे आपले वाटतच नाहीत. आदर्श उदाहरण एका डच स्पर्धकाचे. पाच पेट्या उरल्या असताना त्याने 75,000 युरो नाकारले आणि पुढच्याच पेटीतून पाच लाख बाहेर पडून बाद झाले. शेवटी दहा आणि दहा हजार युरो अशा दोनच रकमा राहिल्या, तेव्हा बँकरने सरासरीहूनही अधिक, सहा हजार देऊ केले. त्याने तेही नाकारले आणि दहा युरो घेऊन तो घरी गेला. तेलही गेले, तूपही गेले, तरी अर्थशास्त्राच्या इतिहासात जागा मिळाली.

अखेरीस दोन पेट्या उरल्यावर अदलाबदल करण्याची मुभा मिळते. मॉन्टी हॉल यांच्या ‘लेट्स मेक अ डील’वरून निघालेले कोडे ऐकलेले स्पर्धक येथे अदलाबदल दुपटीने लाभदायक असल्याचे छातीठोकपणे सांगतात. त्या कोड्यात सूत्रसंचालकाला बक्षीस कोठे आहे ते ठाऊक असते आणि तो मुद्दाम रिकामे दार उघडतो. येथे स्पर्धक स्वतःच आंधळेपणाने पेट्या उघडत आलेला असल्यामुळे दोन्ही पेट्या समसमान ठरतात. तरीही अदलाबदलीपूर्वी आईकडे बघून डोळे पुसावेत.

सौदा मान्य केल्यानंतरही सुटका नसते, कारण उरलेल्या पेट्या उघडून ‘खेळत राहिला असतात तर काय झाले असते’ हे सर्वांसमक्ष दाखवले जाते. अमेरिकी आवृत्तीत दहा लाखांचा पहिला विजेता 2008 मध्ये मिळाला, तोही एकाहून अधिक पेट्यांत दहा लाख ठेवलेल्या विशेष भागांत. हे वाचूनही ज्यांचा निर्धार कायम असेल, त्यांनी निवडचाचणीत मोठ्याने हसावे, नातेवाइकांचा गोतावळा सोबत न्यावा आणि आपल्याला भागाकार येतो, हे कोणालाही कळू देऊ नये.