पूर्ततामूर्ती

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव होण्यास उभ्या इमारतीत कोणी राजी नसते. आणि म्हणूनच, निवृत्तीनंतर ज्याच्या हाताशी रिकामा वेळ आणि बोटांत सरकारी मसुद्याची सवय शिल्लक उरली आहे असा एखादा सद्गृहस्थ त्या पदावर बिनविरोध विराजमान होतो. आमचे सचिव या जातीचे अस्सल प्रतिनिधी होत. सारी हयात त्यांनी कचेरीत घालविली. निवृत्तीच्या समयी दप्तर तेथेच राहिले, दप्तरदार तेवढा आपल्या साऱ्या लकबींसह घरी आला.

लेखापरीक्षकाने दाखविलेल्या दोषांची दुरुस्ती करून तिचा अहवाल सादर करावा, असे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे ८२ वे कलम फर्मावते. हा 'ओ' नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल इतर सचिवांना डोकेदुखी वाटतो. आमच्या सचिवांची प्रतिभा मात्र त्यातच बहरते. 'आय' नमुन्यातील सभासद नोंदवही अद्ययावत नाही, हा शेरा दरसाल येतो आणि त्यापुढे 'नोंद घेतली. यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे उत्तर दरसाल जाते. परिणामी त्या नोंदवहीत कित्येक दिवंगत सभासद अद्याप हयात आहेत, आणि जिन्यात रोज भेटणारे काही शेजारी अजून जन्मासच आलेले नाहीत. सचिव असत्य लिहितात असे मात्र कोणी म्हणू नये. नोंद ते खरोखरच घेतात. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र वही घातली आहे.

२००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचे 'बी' नमुन्यातील प्रमाणपत्र त्यांच्या हातून कधी चुकले नाही. चोरीस जाऊ नयेत म्हणून आग विझविण्याची नळकांडी त्यांनी जाळीच्या कपाटात कुलूपबंद केली असून किल्ली स्वतःच्या जानव्यास बांधली आहे. रात्री-अपरात्री आग लागली तर काय, असे एका सभासदाने विचारले, तेव्हा ते शांतपणे उत्तरले, "लेखी द्या, समितीपुढे ठेवतो."

गच्चीवरील टाकी गळते, तिचे पाणी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरते. परंतु हा दोष कोणत्याही लेखापरीक्षकाने नमूद केलेला नसल्यामुळे त्याची दुरुस्ती कोणत्या अनुक्रमांकाखाली दाखवावी, या पेचात ते प्रामाणिकपणे सापडले आहेत. हा मनुष्य आळशी नव्हे. उपनिबंधकांच्या कचेरीत पोचेवर उमटलेला आवक शिक्का तारखेपाशी पुसट निघाला, एवढ्याचसाठी दुसऱ्या दिवशी भर पावसात दोन बसगाड्या बदलून ते पुन्हा तेथे गेले आणि ठसठशीत शिक्का घेऊन, तो भिजू नये म्हणून छत्री कागदांवर धरून, स्वतः चिंब होऊन परतले. ती छत्री पाहिल्यापासून त्यांच्यावर रागावणे मला नीटसे जमत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. यंदा दोषदुरुस्ती अहवालास विरोध करून टाकीचा प्रश्न धसास लावायचाच, असा निर्धार करून मी पहिल्या रांगेत बसलो. ठराव पुकारला गेला. मी उठणार, तोच सचिवांनी इतिवृत्ताची वही माझ्यापुढे सरकवली. आदल्या रात्रीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेल्या त्या इतिवृत्तात ठराव एकमताने संमत झाला होता आणि अनुमोदक म्हणून माझे नाव होते. "खाडाखोड झाली की लेखापरीक्षक शेरा मारतात हो," ते हळूच म्हणाले. मी हात वर केला.