गृहकर्ज मुदतीआधी कसे फेडावे : कसारा मार्गावरील कर्जदारांसाठी

आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या पट्ट्यात वन बीएचके घेऊन जो वीस वर्षांसाठी अडकला आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांनी दादरला घर घेतले त्यांना याचा उपयोग नाही; त्यांनी अध्यात्माकडे वळावे.

प्रथम बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा आणि तो सकाळच्या लोकलमध्येच उघडावा. कसारा ते सीएसएमटी अडीच तास लागतात, धक्का ओसरायला तेवढे पुरतात. शिवाय भजनी मंडळाच्या टाळांत सुस्कारा ऐकू जात नाही. कर्ज २० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे, तर हप्ता १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याजात जातात. मुद्दल फिटते ३,१८९. शेजाऱ्याने "काय झालं हो?" विचारले तर "झोप झाली नाही" म्हणावे.

उपाय एकच, जादा पैसे भरून मुद्दल कमी करणे. आणि तेही लवकर. घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लागतात ती कसाऱ्याला, इगतपुरीला नव्हे. पहिल्या वर्षाअखेर एक लाख भरले तर शेवटचे सुमारे २६ हप्ते गळतात. तोच लाख अठराव्या वर्षाअखेर भरला तर जेमतेम सहा-सात.

आता लाख आणायचा कुठून? बोनसमधून, पगारवाढीच्या फरकातून, थोडे थोडे साठवून. पण बोनसची बातमी कसारा फास्टच्याही आधी घरी पोचते. हिला फ्रीज आठवतो, आईला कुलदैवत, मुरबाडच्या मेहुण्याला म्हसाच्या जत्रेतली बैलजोडी. म्हणून पैसे जमा झाल्या दिवशीच वळते करावेत आणि घरी चेहरा पडका ठेवावा.

काही बँका कर्जालाच ओव्हरड्राफ्ट खाते जोडून देतात. स्टेट बँकेचे 'मॅक्सगेन' त्यातलेच. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ते काढताही येतात. काढता येतात, हाच त्यातला दोष. मेहुण्यासमोर त्या खात्याचे नाव घेऊ नये.

शाखेत जायला रजा टाकावी लागते, कारण दुसरा आणि चौथा शनिवार बँकेलाही सुट्टी. "चार्ज लागेल" असे कुणी म्हणाल्यास, फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बंद केला, हे नम्रपणे सांगावे. अर्जात 'हप्ता तोच, मुदत कमी' असे ठळक लिहावे. नाहीतर हप्ता कमी करून मिळू शकतो, आणि वाचलेले हजारभर रुपये सोसायटीच्या टँकरला जातात. (तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते. आपण धरणाच्या बाजूला राहतो, एवढेच.) अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. मग साहेब खुर्ची देतील, चहा मागवतील आणि "कर्ज फेडायची घाई कशाला, त्यापेक्षा एक छान पॉलिसी आहे" म्हणतील. चहा प्यावा. सही करू नये.

शेवटचा रुपया फिटला की घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा, की बँकेमुळे उशीर झाला तर तिने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. महिनाभर वाट पाहावी, आणि बँकेला आपला विसर पडावा म्हणून कुलदैवताला साकडे घालायला हरकत नाही.