शाईखालचे गुपित

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या 22 नोव्हेंबर 1963ला भर दुपारी, भर रस्त्यात झाली. त्या हत्येचे सरकारी कागद मात्र पडदानशीन. ते उघड करायला 1992च्या कायद्याने 25 वर्षांची मुदत घातली. 26 ऑक्टोबर 2017 उजाडला आणि राष्ट्रीय सुरक्षा आडवी आली. आधी ट्रम्प, मग बायडेन, दोघांनीही मुदत पुढे ढकलली. तारखेवर तारीख हा काही आपल्याच कोर्टांचा मक्ता नव्हे! मार्च 2025मध्ये ट्रम्पसाहेबांनी एकदाचे बाड सोडले. बरीचशी पाने आधी पाहिलेलीच, फक्त वर फासलेली काळी शाई खरवडलेली. तिच्याखालून निघाले काय? हयात माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकसुद्धा, म्हणजे जणू तिथले आधार क्रमांक. झाकायला हवे होते ते नेमके एवढेच, आणि तेही चव्हाट्यावर! त्या मंडळींना नवे क्रमांक देण्याची घोषणा मात्र काही दिवसांतच झाली. म्हणजे मनात आणले तर घाई जमते.