टिपवाले साहेब, रोख्यांचं कलम कुठे गाळलंत?

टिपवाले साहेब,

2021 च्या दिवाळीआधी चंद्रपुरात तुम्ही बैठक घेतलीत. पुढच्या रांगेत वेस्टर्न कोलफिल्ड्समधून (वेकोलि) निवृत्त झालेली घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरची माणसं होती. आयुष्यभर खाणीत राबून मिळालेला फंड नुकताच खात्यात पडलेला. तुम्ही फळ्यावर एकच रेघ ओढलीत, खालून थेट वर. सेन्सेक्स तेव्हा 62 हजारांना शिवून आला होता. महागाई, रेपो दर, सरकारी रोखे यांतला एक शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. ठाऊक नव्हतं म्हणाल, तर फी मात्र जाणकाराची घेतलीत!

तुम्ही गाळलेला धडा मीच लिहितो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर तेव्हा साडेसहा टक्क्यांच्या आत परतावा होता. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेला घालून दिलेली वरची हद्द 6 टक्के. 4 मे रोजी बँकेने ठरल्या बैठकीची वाट न पाहता रेपो 4 वरून 4.40 टक्के केला आणि सेन्सेक्स त्याच दिवशी 1,300 अंकांनी कोसळला. जूनमध्ये रोख्यांचा परतावा साडेसात टक्क्यांपुढे, सेन्सेक्स 51 हजारांच्या घरात. सरकारी हमीचा कागद बसल्या जागी साडेसात टक्के देत असेल, तर शेअरच्या जोखमीला जुना भाव कोण देणार?

हे गडचिरोलीत तेंदूपानं गोळा होतात त्या कुठल्याही फळीवर समजावता आलं असतं. धानोऱ्याकडची बाई मेच्या उन्हात पुडे बांधते. मजुरी आत्ता, बोनस पुढे कधीतरी. तेल-डाळ महागत असताना त्या लांबच्या बोनसवर आज किती उधारी द्यायची, हे किराणा दुकानदार बरोबर जाणतो. शेअरचा भाव हा कंपनीच्या पुढच्या नफ्यावर आज मोजलेला पैसा. व्याजदर चढले की त्या नफ्याची आजची किंमत उतरते, आणि नफा जितका लांबचा तितकी जास्त. आज तोटा, दहा वर्षांनी सोनं, असे शेअर तुम्ही साठीतल्या माणसांच्या गळ्यात मारलेत. सर्वांत आधी तेच आपटले.

वर 'एकदम सुरक्षित' म्हणून दिलेला सरकारी रोख्यांचा गिल्ट फंडही घसरला. नवे रोखे जास्त व्याज देऊ लागले की जुन्यांची किंमत पडते. एवढं तरी सांगायचं होतं.

बाजार सावरला, नोव्हेंबर 2022 अखेर 63 हजारांवर गेला, असं तुम्ही आता म्हणता. गेला ना. पण ज्याच्या घरी जूनमध्ये लग्न होतं, त्याने जूनच्याच भावात विकलं. त्याला पैसे कधी लागणार, हे तुम्ही विचारलंच नव्हतं.

आता गडचिरोलीत बैठक लावताय म्हणे. गुंतवणूक सल्ल्याची फी घ्यायला 2013 पासून सेबीची नोंदणी लागते. रेघ ओढण्याआधी तो नोंदणी क्रमांक फळ्यावर लिहा. आणि चंद्रपूरकरांची फी परत करा.